नऊ जणांची केस

सावरखेडी, ता. कळमनुरी
१२ जानेवारी २०२५

प्रति,
रत्नपाल शेषराव पाईकराव,
पोलीस वसाहत, चिपळूण

विषय: सन १९८७ च्या केसचे कागद परत मिळणेबाबत.

दादा, जय भीम.

वरचं वाचून हसू नको. सहा महिने झाले, अर्जांशिवाय मी दुसरं काही लिहिलेलं नाही. हात आपोआप तसाच वळतो. परवा मैत्रिणीला वाढदिवसाचं कार्ड लिहायला बसले आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहून मोकळी झाले.

तुझा फोन लागत नाही म्हणून पत्र लिहिते आहे. शिवाय आमच्या गटाचा नियमच आहे, तोंडी काही मागायचं नाही, लेखी मागायचं आणि पोच घ्यायची. हे पत्र स्पीड पोस्टानं येईल, म्हणजे मिळालंच नाही असं तुला म्हणता येणार नाही.

गट कोणता, ते सांगते. गेल्या मे महिन्यात आखाडा बाळापूरला तरुणांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. देविदासनं आम्हाला नेलं. शाळेत तुझ्यामागे दोन वर्षं होता तो. आता नांदेडला वकिली शिकतो आणि बोलतानाही कलमं टाकतो. मी गेले ती जेवण चांगलं असतं असं ऐकून. परत आले तेव्हा माहितीचा अर्ज कसा करायचा, ग्रामसभेत ठराव कसा मांडायचा, मोबाईलवर शेताचा नकाशा कसा काढायचा, सगळं वहीत होतं. गटात आम्ही सहा जण आहोत. पाच आपल्या वस्तीतले, आणि सहावी प्रतिक्षा, माणिकरावांची नात. तिला घरून बोलणी बसतात, तरी येते.

आता मुद्द्यावर येते. डिसेंबरात आपल्या अकरा घरांना नोटिसा आल्या. गायरान रिकामं का करू नये, याचा खुलासा करा. ५ मार्चला तहसीलला सुनावणी आहे. त्या जागेवर सोलारचा प्रकल्प येणार म्हणतात. आपल्या तुरीत चार माणसं येऊन लाल फडक्याच्या काड्या रोवून गेली. बाबांनी एकही उपटली नाही, पण रोज सकाळी जाऊन त्या मोजून येतात.

१४ एप्रिल १९९० च्या आधीपासून जमीन आपण कसत होतो, एवढं दाखवता आलं तर ती आपल्या नावावर व्हायचा रस्ता उघडतो. म्हणून मी घरोघर फिरून पुरावे गोळा करून राहिले आहे. कोणी फोटोच्या चौकटीमागून दंडाची पावती काढून देतं, कोणी पिठाच्या डब्यातून. पण सगळ्या पावत्या त्र्याण्णवच्या नंतरच्या. तलाठ्याकडची जुनी अतिक्रमणाची नोंदवही आढळून येत नाही, असं लेखी उत्तर आलं आहे.

राहिली फक्त ती केस. सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये नऊ जणांनी गायरान नांगरलं, पेरलं, दोन दिवस कोठडीत बसले आणि वर्षभर कोर्टाच्या तारखांना गेले. त्या नऊ घरांची आता अकरा झालीत. नऊ जणांत वाचता येणारे एकटे बाबा, म्हणून सगळ्यांचे कागद आपल्याच पेटीत होते. ते शेवटी तुझ्या हातात होते, असं घरात सगळे धरून चालतात.

तू नेले असशील तर पाठव. का नेलेस, ते मी विचारणार नाही.

तुझी,
पल्लवी

बाबांना हे पत्र माहीत नाही. मायला माहीत आहे, पण तिनं मला तसं सांगू नको म्हणून सांगितलंय.


२७ जानेवारी २०२५

दादा,

उत्तर नाही. पत्र १७ तारखेला पोचलं, हे मी पोस्टाच्या साईटवर पाहिलं. सही कोणाची आहे ते दिसत नाही.

काल प्रजासत्ताक दिनाची ग्रामसभा झाली आणि मी एक गोष्ट करून बसले. तुला सांगितल्याशिवाय मला अभ्यास सुचत नाही. सहावं सत्र जवळ आलंय आणि माझ्या वहीत फक्त सुनावणीला उरलेल्या दिवसांचे आकडे आहेत.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात सभा बसली. आमचा विषय आम्ही आठ दिवस आधी लेखी दिला होता, त्यामुळे टाळता आला नाही. मी उभी राहिले. पहिल्यांदाच उभी राहिले होते. बायका एका कडेला बसतात, तिथून बोललं तर आवाज पोचत नाही, म्हणून देविदासनं मला पुढं यायला सांगितलं. प्रतिक्षानं मागून माझी ओढणी धरून ठेवली. ती काय आधाराला होती कोण जाणे, पण बरं वाटलं.

मी म्हटलं, अकरा कुटुंबं अडतीस वर्षं ही जमीन कसतात, ग्रामसभेनं त्यांच्या बाजूनं ठराव घ्यावा. थोडी कुजबुज झाली. मग माणिकराव उठले. आता त्यांना काठी लागते. रागावले नव्हते, तेच जास्त अवघड गेलं.

"पोरी, तू म्हणून राहिली ते खरं बी असंल. मीच तवा तुह्या बापाच्या विरोधात चावडीवर गेलतो, मला काय ठाव न्हाई? पण माह्या ठाव असण्यानं सरकार चालत न्हाई. कागद हाय काय?"

आणि मी म्हटलं, "आहेत. नऊ जणांची केस आहे, सगळे कागद आमच्या घरी आहेत."

कोणी विचारलं नव्हतं की तुमच्या घरी आहेत का. मीच बोलले. सरपंच म्हणाले, मग सुनावणीत दाखवा, त्यावर ठरवू, आणि सभा पुढच्या विषयाला गेली. टाळ्या आमच्या वस्तीनं वाजवल्या. गोपीचंद काका, नऊ जणांतले, डोळ्याला गमछा लावून बसले होते. बाबांनी टाळी वाजवली नाही. ते माझ्याकडे बघत होते.

घरी आल्यावर हातपाय धुतले, ताटावर बसले आणि मग म्हणाले, "पेटी रिकामी हाय हे तुला ठाव हाय. काहून बोललीस?"

मी म्हटलं, दादाला पत्र घातलंय. ते ताटावरून उठले. त्या घासानंतर जेवले नाहीत.

तर आता असं आहे. वस्तीला वाटतं कागद आहेत. देविदास रोज विचारतो, झेरॉक्स कधी काढायची. मी रोज वेगळं काहीतरी सांगते. काल सांगितलं पेटीची किल्ली सापडत नाही. त्या पेटीला कुलूप कधी नव्हतंच, तुला माहीत आहे.

दादा, तुझ्याकडे कागद आहेत असं लिही. निदान नाहीत असं तरी लिही.

पल्लवी


९ फेब्रुवारी २०२५

दादा,

आज घरी मी एकटी आहे. माय आणि बाबा माणिकरावांच्या मळ्यात हळद काढायला गेलेत. तिकडं कढया चालू आहेत, शिजत्या हळदीचा वास घरात येतोय. दार उघडं ठेवून लिहिते, म्हणजे कोणी आलं तर दिसेल.

आधीची दोन्ही पत्रं फाडून टाक. ती खोटी आहेत. म्हणजे नोटीस, सभा, सगळं खरं आहे. पण त्यात मी तुला जे विचारलं, त्याचं उत्तर मला पहिल्यापासून माहीत आहे.

तुझा फोन लागत नाही, हेही खोटं. मी लावलाच नाही. एकदाही नाही. फोनवर तू मला उलट विचारलं असतंस. कागदावर कोणी मध्ये बोलत नाही.

२०१८ चा मार्च. मी आठवीत होते. तुझं पोलिसात नाव लागलं होतं आणि वस्तीत पेढे वाटून झाले होते. कोणीतरी तुला सांगितलं की चौकशीला माणूस घरी येतो, घरात कुणावर केस असली तर नाव कटतं. संध्याकाळी तू पेटीतले कागद काढून सगळे वाचलेस आणि मला म्हणालास, "पल्ले, हे काही दिवस कुठंतरी ठेव. नीट ठेव." नीट ठेव, हे दोनदा म्हणालास. मी ते कडब्यात खोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी एकटीच. चुलीवर आंघोळीचं पाणी होतं. वस्तीत मोटरसायकलचा आवाज आला, बघते तर खाकी कपडे. मला वाटलं, आलाच. हा आता कडबा उपसणार, मग तुझी नोकरी जाणार, मग बाबांना परत नेणार. कागद ओढून काढले आणि चुलीत घातले. जाड होते, लवकर पेटेनात. फुंकणीनं फुंकले.

तो पोलीस दारात आला आणि पोलीस पाटलाचं घर कुठं म्हणून विचारलं. मी हात करून दाखवलं. तो गेला. त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही.

आता शिबिरात शिकले की चौकशी उमेदवाराची असते, बापाची नसते. आणि हेही शिकले की गायरानाच्या कामात बापावरची केस हाच सगळ्यात पक्का पुरावा. ते सांगत होते तेव्हा सगळे लिहून घेत होते. मी पाणी प्यायला बाहेर गेले.

पुढचं तुझ्या समोरच झालं. बाबा दर उन्हाळ्यात कागदांना लिंबाचा पाला घालायचे. त्यांनी पेटी उघडली, मला विचारलं, आणि मी म्हटलं, दादानं नेले. तू दारात बूट बांधत होतास. वर बघितलंस. मला वाटलं आता बोलशील. तू बोलला नाहीस. बाबा म्हणाले, "बापाची लाज वाटली व्हय रे तुला?" ती केस म्हणजे त्यांच्या आयुष्यातली ताठ मानेनं सांगायची गोष्ट होती. आल्यागेल्याला ते कोठडीतले दोन दिवस सांगायचे. त्या दिवसानंतर त्यांनी ते कोणाला सांगितलेलं मी ऐकलं नाही.

सात वर्षं झाली. तू दिवाळीला येईनासा झालास, बाबांनी तुझं नाव घेणं सोडलं, आणि मी मोठी होऊन गावाला हक्क समजावून सांगू लागले. लोकांच्या दारात उभी राहून म्हणते, भिऊ नका, जे असेल ते दाखवा. मला तुझी भीती वाटते, बाबांची वाटते, आणि गोपीचंद काकांची तर सगळ्यात जास्त, कारण ते मला भेटले की डोक्यावर हात ठेवतात.

तू तेव्हा का बोलला नाहीस? मी आठवीत होते म्हणून? मग नंतर तरी बोलायचं होतंस. बघ, अजून मी तुझ्यावरच ढकलते आहे.

एक विचारते. तू ते कागद वाचले होतेस. केसचा नंबर, एखादा आकडा, काही आठवतो का? देविदास कोर्टात विचारून आला. नंबर असेल तर जुन्या दप्तरात शोध घेता येतो, नुसत्या नावावर नाही. त्याला मी अजून खरं सांगितलेलं नाही. नंबर कशाला पाहिजे, कागद घरी आहेत ना, असं तो विचारतो.

पल्लवी


२० फेब्रुवारी २०२५

दादा,

सगळ्यांना कळलं. मी सांगितलं. शूर वगैरे झाले नव्हते, ते कसं झालं ते ऐक.

रविवारी विहारात अकरा घरांची बैठक होती. देविदासनं फळ्यावर घरांची नावं लिहून पुढं काय काय आहे ते मांडलं. पावती, नकाशा, जबाब. नकाशे प्रतिक्षानं इतके चांगले काढलेत की प्रत्येकजण उठून आपला तुकडा बघून येत होता. मग देविदास म्हणाला, "शेषराव काका, आज केसचे कागद बघू. दोन आठवडे राहिले."

मी तोंड उघडायच्या आत बाबा उठले. टोपी हातात घेतली.

"कागद न्हाईत. माह्या पोरानं नेले, त्याला आमची लाज वाटली. मी असं पोरगं वाढवलं, चूक माही हाय. तुमच्या समद्यांच्या पाया पडतो."

आणि खरंच वाकले, दादा. सगळ्या वस्तीसमोर. त्यांना वाकलेलं बघितल्यावर माझ्यानं बसवलं नाही. मी म्हटलं, दादानं नाही नेले, मी जाळले. पुन्हा म्हटलं, कारण पहिल्यांदा कोणाला समजलंच नाही. मग चूल, मोटरसायकल, सगळं सांगितलं. पंखा चालू होता, त्याची खरखर ऐकू येत होती.

गोपीचंद काकांनी विचारलं, "समदे?"

"सगळे."

"माहं छप्पर गळत होतं बाई. म्हणून तुह्या बापाकडं ठिवले. कोरडे राहतील म्हणून."

एवढंच बोलले. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. शिव्या मागून आल्या, इतरांकडून, आणि त्या काही चुकीच्या नव्हत्या. एकजण म्हणाला, ग्रामसभेत मिरवायला बरी पुढं झाली. देविदासनं सगळ्यांना शांत केलं, मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुराव्यांच्या यादीची वही आता माझ्याकडं राहील. तू काम सोडू नकोस. पण वही माझ्याकडं." मी वही दिली. प्रतिक्षा माझ्यासोबत घरापर्यंत आली. फाटकाशी थांबून म्हणाली, "मला तू आधी सांगायला पाहिजे होतं. मी तुझ्यासाठी घरात रोज भांडते." तेही खरंच आहे.

बाबा विहारातून थेट शेताकडं गेले. ऊन उतरल्यावर आले. आज चार दिवस झाले, माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला वाढलं तर खातात, पाणी दिलं तर घेतात. काल मायला म्हणाले, आणि मला ऐकू येईल असं म्हणाले, "सात वर्सं मी त्या पोराला दारात येऊ दिलं न्हाई."

माय माझ्या बाजूनं आहे की नाही ते कळत नाही. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "तू तरी काहून गप बसलीस गं?" मी म्हटलं, भ्याले. ती म्हणाली, "व्हय. मी बी." मग तव्यावरची भाकरी उलटली. तिला किती माहीत होतं, ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही.

आम्ही जबाब लिहून घेतोय, म्हाताऱ्या माणसांचे. नऊ जणांतले तिघंच राहिलेत. त्यांचा शब्द चालेल की नाही ते देविदासलाही सांगता येत नाही. लाल काड्यांच्या रांगेत आता चुना टाकलाय.

मी तुझ्याकडे माफी मागावी असं वाटतं, पण ती कशी मागतात ते मला येत नाही. अर्जात त्याचा नमुना नाही.

पल्लवी


३ मार्च २०२५

दादा,

तुझं पाकीट आज दुपारी आलं.

बाबांच्या नावानं होतं. ते अंगणात दोरी वळत बसले होते. पोस्टमननं सही मागितली, त्यांनी उठून, हात पुसून केली. वरचं नवं पाकीट मीच फोडलं. आत तुझी दोन ओळींची चिठ्ठी माझ्यासाठी. 'सुनावणीत अस्सल दाखव, झेरॉक्स दे, अस्सल कोणाच्या हातात सोडू नको. तुला काय लिहावं ते अजून सुचत नाही.' ती मी चार वेळा वाचली. ठीक आहे. नसेल सुचत.

आणि खाली ते दुसरं पाकीट. खाकी, जुनं, न फोडलेलं. तुझ्या अक्षरात बाबांचं नाव, आणि त्यावर आडवं, लाल शाईत, 'घेण्यास नकार, परत'. तारीख ११ फेब्रुवारी २०१९.

मला काही समजेना. बाबांना समजलं. ते खाली बसले.

"हे आलतं. पोस्टमन म्हणला, रत्नपालचं हाय. मी म्हणलं, परत ने."

मायनं विचारलं, "मला काहून सांगितलं न्हाई?"

बाबा पाकीट उलटंसुलटं करत राहिले. मग मला म्हणाले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "तू लेकरू होतीस, भिऊन जाळलं. मी तर इचार करून परत धाडलं."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मला उठ म्हटलं नाही.

पाकीट त्यांनीच फोडलं, विळ्याच्या टोकानं, कडेनं, कागदाला लागू न देता. निकालाची नक्कल. शिक्का, सही, सगळं. सोबत बाबांना तुझी चिठ्ठी. ती त्यांनी स्वतः वाचली, ओठ हलवत, आणि मग मला दिली. मूळ कागद आता येणार नाहीत, केसचा नंबर मी त्या संध्याकाळीच टिपून घेतला होता, त्यावरून नक्कल काढली, जपून ठेवा. बस. अख्ख्या चिठ्ठीत माझं नाव नाही. मी ते घालवले हे तू तेव्हाच ओळखलं होतंस, तरी कागद कसे गेले, याचा एक शब्द नाही. तिथं एक ओळ लिहिली असतीस तरी चाललं असतं, दादा. पण तू लिहिली नाहीस, आणि ते पाकीट सहा वर्षं न फोडता तसंच ठेवलंस. चिपळूणच्या खोलीत ते कुठं ठेवलं होतंस?

मग विहारात गेलो. बाबांनी देविदासला बोलावलं आणि नक्कल मला वाचायला सांगितली. 'आरोपी क्रमांक एक ते नऊ यांनी सरकारी गायरानात विनापरवाना नांगरट व पेरणी केल्याचे सिद्ध होते.' गोपीचंद काका म्हणाले, "सिद्ध व्हतंय म्हणलं? परत वाच." परत वाचलं. आरोपी क्रमांक चार म्हणजे ते. तेव्हा दंड झाला म्हणून तोंड लपवलेली माणसं, आज शिक्षेची ओळ ऐकून हसत होती.

देविदासनं वही मला परत दिलेली नाही. मी मागितलीही नाही.

परवा सुनावणी. नक्कल मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवली आहे. घरात चूल पेटली की मी ती घेऊन अंगणात जाते. माय हसते.

पल्लवी


६ मार्च २०२५

दादा,

काल तहसीलला अकरा घरांतली झाडून सगळी माणसं आली. आमची पाळी दुपारी लागली. आत चौघांनाच घेतलं. बाबा, गोपीचंद काका, देविदास आणि मी. प्रतिक्षा बाहेर नकाशे घेऊन उभी होती. आणि तिच्यासोबत माणिकराव, काठी टेकून. ते कोणाच्या बाजूनं आलेत हे कोणी विचारायचं धाडस केलं नाही. नंतर त्यांनी आत निरोप पाठवला, की सत्त्याऐंशीची तक्रार माझीच होती, लागलं तर मला विचारा.

साहेबांनी नक्कल दोनदा वाचली. गट नंबर आमच्या नकाशाशी ताडून पाहिला. मग कारकुनाला लिहायला सांगितलं. १९९० पूर्वीच्या कब्जाबाबत न्यायालयीन निकालाची प्रमाणित प्रत सादर. पुढील आदेशापर्यंत कब्जा हलवू नये. पुढची तारीख एप्रिलातली आहे. जमीन मिळाली असं नाही. पण काड्यांच्या पुढं आता कोणी येणार नाही, निदान तोवर.

उठता उठता साहेबांनी सहज विचारलं, "ही नक्कल काढली कोणी?"

मी तोंड उघडलं, पण बाबा आधी बोलले. "माह्या पोरानं. रत्नपाल शेषराव पाईकराव. पोलिसात हाय." सात वर्षांत त्यांच्या तोंडून तुझं नाव मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते पूर्ण नाव होतं.

साहेब बरं म्हणाले. बाबा उभेच राहिले.

"साहेब, लिवलं न्हाई तुमी."

साहेबांनी कारकुनाकडं बघून मान हलवली. कारकुनानं लिहिलं. बाबांनी टेबलावर वाकून अक्षरं तपासली आणि मग बाजूला झाले.

मी म्हटलं, अजून एक लिहून घ्या. मूळ कागद अर्जदाराच्या मुलीनं, पल्लवी शेषराव पाईकराव हिनं, मार्च २०१८ मध्ये जाळले. देविदासनं माझा हात दाबला. याची काही गरज नाही, असं तो पुटपुटला. साहेबांनीही तेच विचारलं. नक्कल आली आहे, आता हे कशाला?

मी म्हटलं, "साहेब, सात वर्षं हे दुसऱ्याच्या नावावर होतं."

ते कारकुनाला म्हणाले, घ्या.

कारकुनानं लिहिलेल्या रोजनाम्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. खालून चौथ्या ओळीत तुझं नाव आहे. त्याच्या खालच्या ओळीत माझं.

पल्लवी